दुपारी येणारी बाई

९ फेब्रुवारी

डबी उघडली! स्क्रू काढून नव्हे, आतून. कंपनीने घातलेलं कुलूप निघालं आणि आता तिच्यात आपल्याला हवे ते जुने खेळ घालता येतील. टीव्हीला जोडायचं हे खेळाचं मशीन जुन्या सामानवाल्याकडे धूळ खात पडलं होतं. कुणाच्या तरी मुलांना कंटाळा आला असेल, विकून टाकलं असेल. "चाललं नाही तर परत आणू नका," असं बजावून त्याने ते जवळजवळ फुकटात गळ्यात मारलं. बिघडलेलं नव्हतंच ते, नुसतं जुनं झालं होतं.

आत शिरायची युक्ती मोठी गमतीची आहे. एका खेळाची सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद, मुद्दाम बिघडवून मेमरी कार्डावर ठेवायची. मशीन ती वाचायला जातं, अडखळतं, आणि तेवढ्यात आपलं सॉफ्टवेअर आत घुसतं. पुढच्या दाराला कुलूप असताना न्हाणीघराच्या खिडकीतून घरात शिरावं तसं. जमलं तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडलो की ही स्वयंपाकघरातून विचारते, "कोण जिंकलं?"

"मी!" म्हटलं.

या नोंदी एवढ्यासाठी की मागच्या वर्षी मी टीव्हीच्या सेटिंगमध्ये हात घातला आणि काय बदललं तेच विसरलो. नंतर कितीतरी दिवस बातम्या देणारी माणसं आमच्याकडे हिरवी यायची. या वेळी जे करीन ते लिहून ठेवणार आहे.

१२ फेब्रुवारी

आज हिच्या हातात कंट्रोलर दिला. डोळे मिटायला लावले आणि खेळ सुरू केला.

लग्न झाल्यावर आम्ही भाड्याच्या एका खोलीत राहायचो. तिथे आमच्याकडे असंच एक मशीन होतं, कॅसेट घालायचं. एकच कॅसेट होती आणि तेवढी पुरायची. एक उंच इमारत, सगळ्या खिडक्या काळ्या. टोपी घातलेला एक ठेंगणा माणूस जिने चढतो आणि प्रत्येक खिडकीत दिवा लावतो. मागून वारा येतो आणि दिवे विझवतो. सगळ्या खिडक्या एकाच वेळी उजळल्या की पुढची इमारत. पुढे लेक झाली, तिने कॅसेटवर दूध ओतलं, खेळ संपला. पण संसारात काय दिवे लावले असं कुणी मला विचारलं की मी म्हणायचो, मी नाही, हिने लावलेत, साक्षीदार आहे मी.

डोळे उघडले आणि म्हणाली, "अगं बाई, टोपीवाला!"

मग मला जे पाणी पाजलं ते काय सांगावं. हिचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला, बोटांना आपोआप कळतं. "वारा डावीकडून आला ना, की आधी वरचा मजला सांभाळायचा," मला शिकवत होती. चौथ्या इमारतीत जिन्याखाली चोरखिडकी आहे, तीसुद्धा हिला आठवत होती. मी पार विसरलो होतो. निवृत्त झाल्यापासून हिला इतकं मोकळं हसताना बघितलं नव्हतं. आणि आमची लेक फोनवर म्हणते, आईच्या लक्षात राहत नाही! हिच्याएवढं लक्षात ठेवून दाखव म्हणावं.

१६ फेब्रुवारी

आजचे बदल. एक, कंट्रोलरला मऊ रबरी कव्हर घातलं, हिच्या तळहातात घट्ट बसावं म्हणून. दोन, काही मिनिटं कुणी बटण दाबलं नाही तर पडदा आपोआप काळा व्हावा अशी सोय केली. टीव्ही नवा आहे, तेच चित्र तासन्‌तास राहिलं तर डाग पडतो म्हणतात. कुठलंही बटण दाबलं की खेळ परत दिसतो. तीन, वरचं छोटं बटण दाबलं की असाल तिथे सेव्ह. सेव्हबरोबर त्या क्षणाचं चिमुकलं चित्रही ठेवलं जातं, म्हणजे यादी उघडली की आपण कुठे होतो ते दिसतं.

सेव्ह कसं करायचं ते हिला शिकवलं. तिने परत विचारलं, परत शिकवलं. परत विचारलं. मी जरा चिडलोच. मग वाटलं, मीसुद्धा डबी उघडताना इंटरनेटवरच्या पोरांना तेच तेच विचारून पिडलं होतं. कुणी चिडलं नाही.

२४ फेब्रुवारी

काहीतरी गडबड आहे. कवळ्यांच्या लॅबमधून कामावरून आल्यावर सेव्हची यादी उघडली तर ती खालपर्यंत भरलेली, आणि सगळीकडे तेच एक चित्र. पहिली इमारत, तळमजला, टोपीवाला दारात उभा. एकही दिवा लागलेला नाही. दिवसभर कुणीतरी खेळ सुरू करून, पाऊल न टाकता, तिथल्या तिथे सेव्ह करत बसलं होतं.

हिला विचारलं. "मी? मी तर आज खेळलेच नाही," म्हणाली. "दुपारभर कपाट आवरत होते."

कपाट आवरलेलं नव्हतं, पण ते जाऊ दे. सेव्हचं बटण आत अडकत असणार. कंट्रोलर खोलला, स्पिरिटने पुसला, बटणाखालची रबरी चकती बदलली. आता टकटक वाजतं. यादी पुसून कोरी केली.

१ मार्च

पुन्हा तेच. तळमजला, दार, टोपीवाला. ओळीने. बघताना अंगावर काटा आला, का ते सांगता येत नाही. त्याचा चेहरा म्हणजे चार ठिपके, पण तो आत जायचं की नाही ते ठरवत उभा आहे असं वाटतं.

मेमरी कार्ड खराब असावं. नवं आणलं.

४ मार्च

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात असते, रविवारी फोन करायची, हल्ली मधेच करते. आधी आईशी बोलली, मग म्हणाली, "बाबांना दे."

"बाबा, आईने मला आत्ता तीनदा विचारलं, जेवलीस का. तुमच्या लक्षात येतंय ना?"

"आई आहे ती. आया विचारतात."

"बाबा, थट्टा नको. डॉक्टरांना दाखवा एकदा. मी येऊ का?"

"ये की, पण कामासाठी येऊ नको, भेटायला ये," म्हटलं आणि विषय मशीनवर नेला. तिने ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाली, "तुम्ही मशीनबद्दल किती बारकाईने सांगता." काय टोमणा होता कोण जाणे.

खरं लिहायचं तर मी घाबरलो होतो. पण हिने चौथ्या इमारतीतली चोरखिडकी आठवून काढली आहे. ज्याची स्मरणशक्ती जाते त्याला हे जमेल का?

१० मार्च

आज जेवताना ही सहज म्हणाली, "दुपारी ती बाई येते ना, तिला काहीतरी द्यायला हवं हो. रोज उपाशी बसते."

"कुठली बाई?"

"अहो, ती. खेळायला येते ती."

मी ताट बाजूला सारलं. कोण आहे, कुठून येते, दार कोण उघडतं, सगळं विचारलं. ही गोंधळली. नाव ठाऊक नाही. दार उघडावं लागत नाही. वय? "माझ्याएवढी असेल. थोडी मोठी. गरीब दिसते. बोलत नाही फारशी, नुसती बघत बसते. मी बोलले की तीही ओठ हलवते, पण ऐकू येत नाही. लाजते बिचारी."

"आणि खेळतं कोण?"

"तीच. मी बघते."

म्हणजे सेव्हचा उलगडा झाला! बटण नाही, कार्ड नाही, घरात परकं माणूस शिरतं आहे. ही भोळी, कुणालाही बसा म्हणेल. आता हिच्या कपाटातले दागिने, कागद, सगळं डोळ्यांपुढे आलं.

११ मार्च

लॅबला उशिरा गेलो. कुलूपवाल्याला बोलावून दाराचं कुलूप बदललं. समोर शिलाईवाली राहते, तिचं मशीन खिडकीतच आहे आणि तिच्या नजरेतून मांजरसुद्धा सुटत नाही. तिला विचारलं, दुपारी आमच्याकडे कोण बाई येते?

"कुणी नाही येत, भाऊ. दूधवाला सकाळचा, नंतर थेट तुम्हीच."

"नक्की?"

"मी काय झोपा काढते का इथे बसून? पण..." ती दोरा दाताने तोडत थांबली. "वहिनी बोलत असतात हं कुणाशी तरी. खिडकी उघडी असली की ऐकू येतं. मला वाटायचं फोनवर असतील. मधे मधे थांबतात, समोरचं बोलून संपायची वाट बघितल्यासारख्या. मग हसतात."

परत येऊन मागची खिडकी बघितली. गज शाबूत आहेत.

१५ मार्च

नव्या कुलपानेही ती येतेच. आज घरी आलो तर टीव्हीसमोर जमिनीवर ताटली ठेवलेली. अर्धी पोळी, भाजी, कडेला मीठ. हिच्या दुपारच्या जेवणातलं अर्धं. तिला हात लागलेला नव्हता.

"खात नाही ती," ही हिरमुसून म्हणाली. "मी ताटली पुढे केली की माझ्याकडेच ताटली करते. तू खा म्हणते. कसं खाणार मी तिच्यासमोर?"

हिने दुपारी काहीच खाल्लं नव्हतं. चुरून भरवलं. मग मी सगळ्या खोल्या बघितल्या, पलंगाखाली वाकून बघितलं, मोरीत बघितलं. एवढ्याशा घरात बघायला लागतं तरी किती वेळ. ही दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. "काय हरवलं तुमचं?" विचारत होती.

१९ मार्च

कंट्रोलरच्या रबरी कव्हरवर दातांच्या खुणा आहेत. कुणीतरी कोपरा तोंडात धरून चांगला चावला आहे. इतकी वर्षं माणसांचे दात बघून पोट भरतो आहे, हा पुरावा माझ्यासाठीच सोडला असं वाटलं. आता बघतो म्हटलं बाई कोण आहे ते. कव्हर लॅबमध्ये नेलं, खुणेभोवती मेणाची कड लावली, आत प्लास्टर ओतलं.

प्लास्टर वाळेपर्यंत दुसरं काम होतं. एका आजोबांची कवळी परत आली होती, टोचते म्हणून. लॅबमधल्या नव्या माणसाने ती घासघासून पातळ केली होती, तरी टोचतच होती. त्याला म्हटलं, "अरे, कवळी तीच आहे. हिरडी आक्रसली असेल त्यांची. तोंडाचं नवं माप मागव आधी, नुसती कवळी काय घासतोस?"

मग साचा सोडवला. खालचे पुढचे दोन दात, त्यातला एक जरा वळलेला. वर डावीकडचा सुळा. सुळ्याच्या आतल्या बाजूला एक बारीक कंगोरा. तो कंगोरा मी देतो. माझ्याशिवाय तसा कुणी देत नाही, मालक त्यावरून बोलतात मला. हिचा सुळा पडला तेव्हा नवा दात मीच बनवला होता, रविवारी येऊन, मन लावून. स्वतःच्या हातचा दात न ओळखायला मी काही आंधळा नाही.

म्हणजे ही चावते. घरी आल्यावर विचारलं.

"मी कशाला चावेन? लहान आहे का मी?" हिला रागच आला. "ती चावते. घाबरली की चावते. कुठे जायचं ते तिला आठवत नाही ना."



२२ मार्च

आज लॅबमध्ये काही सांगितलं नाही, दुपारी निघून आलो. जिन्यात चपला काढल्या आणि दार आवाज न करता उघडलं. माझ्याच घरात मी चोरासारखा.

ही टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसली होती. गुडघे पडद्याला टेकतील इतकी जवळ. मांडीवर कंट्रोलर. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पडदा काळा होता. खेळ आत थांबलेला असणार आणि माझ्या सोयीप्रमाणे पडदा विझलेला. ही पुढे वाकून हळू आवाजात सांगत होती, "घाबरू नकोस. हे येतील आता. आले की चहा करतात. हे चांगले आहेत, फक्त जरा बडबड जास्त आहे." मग थांबली. मान कलती केली. हसली. डोक्यावरचे केस सारखे केले, आणि म्हणाली, "हं, आता छान दिसतेस."

मी तसाच जिन्यात परत गेलो आणि पायरीवर बसलो.

संध्याकाळी, डोकं थंड झाल्यावर, नीट विचार केला. बाई नाहीच. हिला एकटेपण आलं आहे, म्हणून स्वतःशीच बोलते. आणि चूक माझी आहे. खेळता खेळता ही विचारात पडते, पडदा काळा होतो, परत कसा आणायचा ते कळत नाही, मग बसून राहते अंधाराकडे बघत. कुणालाही भास होतील. काळ्या पडद्याची सोय काढून टाकली. आता खेळ कायम दिसत राहील, डाग पडले तर पडले. टोपीवाल्याच्या इमारती अशा झगमगत्या आहेत की बघणाऱ्याचं मन रमावं.

एवढी साधी गोष्ट मला आधी सुचली नाही. आज झोप लागेल.

२५ मार्च

"तिला काय म्हणालात तुम्ही?" घरात पाऊल टाकताच प्रश्न.

"कुणाला?"

"आली नाही ती. कालही नाही, आजही नाही. तुम्हीच काहीतरी बोलला असाल. तुम्हाला कुणी आलेलं आवडत नाही."

टीव्हीवर पहिली इमारत चालू होती, टोपीवाला दारात. मी म्हटलं, बघ, आता पडदा काळा होत नाही, खेळ की. हिने कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन रडली. लेक सासरी गेली तेव्हा रडली होती तशी.

मला आनंद व्हायला हवा होता. बाई गेली ना?

२८ मार्च

लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो.

दुपारी लॅबमध्ये शिलाईवालीचा फोन आला. "भाऊ, वहिनी घरात नाहीत. दार सताड उघडं आहे." प्लास्टरचे हात तसेच घेऊन धावलो. बाजार बघितला, बसथांबा बघितला, हिचं जुनं एक्स्चेंज होतं तिथे जाऊन आलो, आता तिथे बँक आहे. लोकांना विचारायचं तर सांगायचं काय? निळी साडी, पायात काही नाही, आणि एका बाईला शोधते आहे जी नाही. लेकीला फोन लावला, तिने उचलायच्या आत तोडला.

शेवटी शिलाईवालीलाच सापडली. मागच्या रस्त्यावर पलंग-कपाटांचं एक मोठं दुकान आहे, कधीचं बंद. त्याच्या काळ्या काचेला दोन्ही तळहात लावून उभी होती. घरी आणून बसवल्यावर शिलाईवाली मला बाजूला घेऊन म्हणाली, "काचेशी बोलत होत्या, भाऊ. मी हात धरला तर म्हणाल्या, आधी हिला बाहेर काढा. हिला आत कोंडून ठेवलंय. ही माझ्याकडे रोज यायची. आत बघितलं मी. आत कुणी नव्हतं हो. काचेत आम्हीच दोघी दिसत होतो."

मग कळलं. इतक्या दिवसांनी, शिलाईवालीच्या तोंडून. ती बाई कुठून यायची आणि मी तिला कशी घालवली, सगळं एकदम कळलं. आरशात बघून भांग पाडणारी माझी बायको काळ्या पडद्यातल्या स्वतःला ओळखत नव्हती. तिला स्वतःची दया यायची. स्वतःचं अर्धं जेवण ती तिच्यापुढे ठेवायची.

आणि मी बटण बदललं, कार्ड बदललं, कुलूप बदललं. त्या नव्या माणसाला हसलो होतो, नुसती कवळी काय घासतोस म्हणून.

हिच्या तळपायात काच गेली होती. काढली, धुऊन पट्टी बांधली. "दुखतंय का?" म्हटलं. म्हणाली, "तिचं बघा आधी." मग लेकीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मशीनबद्दल एक अक्षर बोललो नाही. तिला काहीच विचारावं लागलं नाही. नुसती "हो बाबा, हो बाबा" करत होती.

१३ एप्रिल

लेक येऊन राहिली आहे. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण घाई करत नाहीत. त्यांनी जे नाव सांगितलं ते मला आधीपासून ठाऊक होतं, फक्त मी कुठे लिहिलं नव्हतं. बरं होणार नाही. सावकाश जाईल, गोळ्यांनी आणखी सावकाश. जुनं शेवटपर्यंत राहतं, नवं आधी जातं. चोरखिडकीचं कोडं सुटलं.

"आणि माणसं?" मी विचारलं. "माणसं कधी?"

"ते सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "कुणाचं कसं, कुणाचं कसं."

हे एवढंच मला भेडसावतं. बाकी सगळं जमेल. स्वयंपाक येतो, धुणं येतं, चिडायचं नाही तेही शिकेन. पण एके दिवशी ही माझ्याकडे त्या बाईकडे बघायची तशी बघेल, दयेने, परक्यासारखी, त्या दिवशी मी काय करीन ते मला माहीत नाही.

२९ एप्रिल

लेक परत गेली. दर पंधरवड्याला येईन म्हणते. मालकांशी बोललो, आता मी सकाळी कवळ्या करतो आणि दुपारी घरी असतो. मी नसतो त्या वेळात शिलाईवाली आपलं मशीन आमच्याकडे आणून बसते, हातमशीन आहे तिचं. हिला आवाज आवडतो.

पण ही खिन्न आहे. काचा शोधते. बसच्या खिडकीत बघते, दुकानांत बघते, काळी गाडी उभी दिसली की वाकते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आरसे झाका, त्रास होत असेल तर. पण त्रास ती दिसल्याचा कुठे होता? नसल्याचा होतो आहे.

१७ मे

बदलाची नोंद. काळ्या पडद्याची सोय पुन्हा चालू केली. वाट बघायचा वेळही कमी केला.

दुपारी दोन खुर्च्या ओढल्या. हिच्या हातात कंट्रोलर दिला, कव्हर तेच, चावलेलं. पहिली इमारत. टोपीवाला दारात. खूप वेळाने बोटांना आठवलं. ही चढली. पहिला मजला उजळला, दुसरा उजळला, वारा आला तर "अहो, वरचा, वरचा!" म्हणून मलाच ओरडली. तिसऱ्या मजल्यावर टोपीवाला जिन्यातच थांबला. हिची बोटं थांबली. कंट्रोलर मांडीवर आला. मी तिच्या बाजूला हाताची घडी घालून बसलो होतो. खिडक्या उजळलेल्या होत्या तोवर बघून घेतल्या. मग पडदा काळा झाला.

ही सरसावून बसली. चेहरा फुलला.

"आली," माझ्या कानाशी कुजबुजली. "बघा, आली ती." मग डोळे बारीक केले. "आज एकटी नाही. तिच्याबरोबर कुणीतरी आहे."

"कोण आहे?"

"म्हातारा आहे कुणीतरी. दमलेला दिसतो." ती जरा वेळ बघत राहिली. "तुम्ही ओळखता का त्याला?"

मी पडद्यात बघितलं. दोघं बसली होती, अंधारात, खांद्याला खांदा लावून. हिचं म्हणणं बरोबर होतं, दमलेला दिसत होता.

"ओळखतो," म्हटलं.

"माणूस चांगला आहे ना? तिला बघेल ना नीट?"

"बघेल. बडबड जरा जास्त आहे त्याची."

"असू दे. तिला सवय होईल," ही म्हणाली आणि तिने माझा हात धरला. नवऱ्याचा म्हणून धरला, की शेजारी बसलेल्या कुणाचा तरी, ते मी विचारलं नाही. मग तिने दुसरा हात उचलून पडद्याकडे हलवला. मीही हलवला. आतल्या दोघांनीही हात हलवले.

"बघा," ती म्हणाली, "ओळखलं त्यांनी आपल्याला."